रीमॅपनंतर पाचव्या गिअरमध्येच क्लच का स्लिप मारतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन लिटरची डिझेल, पाच गिअर, १ लाख २० हजार किलोमीटर झालेले, क्लच मूळचाच. कंपनीचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ३२० न्यूटन-मीटर. सहा आठवड्यांपूर्वी रीमॅप केलं, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली (ईसीयू) फाइल बदलून ताकद वाढवली, कागदावर ४०० झाले. पहिला महिना गाडी झकास पळाली. आता पाचव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की आरपीएमचा काटा वर उडतो आणि गाडी आहे तिथेच. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये काहीच जाणवत नाही. रीमॅपवाला म्हणतो क्लच आधीच गेलेला होता, गॅरेजवाला म्हणतो रीमॅपने घालवला. खरं कोण बोलतंय आणि आता मोठा क्लच टाकायचा का, असं तुम्ही विचारलंय.

दोघंही खरं बोलतायत, आणि दोघंही तुमच्या कामाचं बोलत नाहीयेत. क्लच किती जुना हा खरा प्रश्न नाही, आणि टॉर्क ४०० झाला हाही पूर्ण प्रश्न नाही. तो टॉर्क किती खालच्या आरपीएमला आणि किती झपकन येतो, इथे सगळी मेख आहे. त्याचं उत्तर मिळण्याआधी क्लच विकत घेऊ नका. मी हे काम बरीच वर्षं करतोय. रीमॅप केलेली गाडी क्लचसाठी आली की गिअरबॉक्स उतरवण्याच्या पान्याआधी लॅपटॉप हातात घ्यायचा, ही सवय मला उशिरा लागली.

आधी थोडा हिशोब करू, कारण त्यातच तुमच्या भांडणाचा निकाल आहे. क्लच किती टॉर्क धरू शकतो हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेट (चकतीला दाबून धरणारी स्प्रिंगची थाळी) किती जोराने दाबते, चकतीवरच्या अस्तराची पकड किती आहे, चकतीची सरासरी त्रिज्या किती, आणि घासणाऱ्या बाजू किती. बाजू दोनच असतात, एक फ्लायव्हीलकडची (इंजिनाला जोडलेल्या जड चाकाकडची) आणि एक प्रेशर प्लेटकडची. समजा चकती बाहेरून २४० आणि आतून १६० मिलिमीटर, म्हणजे सरासरी त्रिज्या १०० मिलिमीटर. दाब ७००० न्यूटन धरा, म्हणजे साधारण ७०० किलो वजनाइतका. अस्तराचा घर्षणांक ०.३. दोन बाजू धरून सगळ्यांचा गुणाकार केला की ४२० न्यूटन-मीटर येतात. हे आकडे तुमच्याच गाडीचे आहेत असं नाही, पण या मापाच्या गाड्यांत चित्र असंच असतं. कंपनीने ३२० च्या इंजिनाला ४२० धरणारा क्लच दिला, म्हणजे तीसेक टक्के राखीव ठेवली.

आता तेच अस्तर लाखभर किलोमीटर चाललंय, चढावर हाफ क्लचवर तापलंय, त्याच्या पृष्ठभागावर थोडी चकाकी आलीय. घर्षणांक ०.३ वरून ०.२५ वर उतरला तर तोच क्लच ३५० धरेल. मूळच्या ३२० ला हे पुरतं, म्हणून रीमॅपच्या आधी तुम्हाला काहीच कळलं नाही आणि कदाचित पुढची कित्येक वर्षं कळलंही नसतं. ४०० ला ते पुरत नाही. राखीव आधीच खर्च झाली होती, रीमॅपने फक्त ती मागितली. आता सांगा, कोण खोटं बोलतंय?

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. अस्तर झिजलं की दाब कमी होतोच असं नाही. साध्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या (प्रेशर प्लेटमधली बशीच्या आकाराची स्प्रिंग) क्लचमध्ये अस्तर झिजत जातं तसा दाब आधी थोडा वाढतो आणि मग शेवटाकडे उतरतो. स्प्रिंगच्या आकारामुळे असं होतं. त्यामुळे अर्धा झिजलेला पण कधी न तापलेला क्लच कोऱ्या क्लचपेक्षाही चांगला धरू शकतो. किलोमीटर बघून क्लचचा मृत्युदाखला लिहिणारे लोक हे विसरतात. १ लाख ८० हजार किलोमीटर झालेला मूळ क्लच ३८० न्यूटन-मीटर निवांत धरताना मी पाहिलाय आणि ४० हजारांत गेलेलाही पाहिलाय. दुसऱ्या गाडीचा मालक सिग्नलला क्लच दाबून उभा राहायचा आणि चढावर ब्रेकऐवजी क्लचवरच गाडी धरायचा.

मग पाचव्यातच का? क्लचवर येणारा टॉर्क इंजिनाचा असतो, गिअर कोणताही असो. तरी तीन कारणांनी वरच्या गिअरमध्ये त्याची खरी परीक्षा होते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन इतक्या भराभर वर चढतं की टर्बोला पूर्ण दाब बांधायला वेळच मिळत नाही, आणि टॉर्कचा काही भाग इंजिन आणि फ्लायव्हीलला स्वतःलाच फिरवण्यात जातो. अनेक गाड्यांत खालच्या गिअरला ईसीयू स्वतःहून टॉर्क आवरतं. आणि तिसरं, मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं कारण म्हणजे वेळ. दुसऱ्यात १८०० ते २५०० हा पट्टा जेमतेम सेकंदात संपतो. पाचव्यात तिथेच आठ-दहा सेकंद भरलेल्या टर्बोसकट रेंगाळता. तेवढ्या वेळात अस्तर तापतं, तापलं की पकड घटते, पकड घटली की आणखी घसरतं. शिवाय घसरू लागलेल्या पृष्ठभागाची पकड स्थिर पृष्ठभागापेक्षा कमी असते. म्हणून एकदा सुटलेला क्लच टॉर्क जरासा कमी करून पुन्हा धरत नाही, पाय चांगला सोडावा लागतो. तुम्ही लिहिलंय, "पाय अर्धा सोडला तरी काटा खाली येत नाही." ते यामुळेच.

पहिला महिना ठीक गेला याचंही उत्तर यातच आहे. सुरुवातीला तो अगदी काठावर धरत होता. चार-दोन वेळा नकळत किंचित घसरला असेल, प्रत्येक वेळी थोडी चकाकी वाढली, आणि काठ ओलांडला गेला.

आता तपासणी. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का बघायची जुनी पद्धत तुमच्या कामाची नाही. तिच्यात फक्त पूर्ण गेलेला क्लच सापडतो. तुमचा क्लच त्या परीक्षेत पास होईल आणि तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल, वर क्लच आणखी तापेल तो वेगळाच. त्यापेक्षा साधं ओबीडी यंत्र (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं) लावा आणि आरपीएम, वेग आणि टर्बोचा दाब यांची नोंद घ्या. मोकळा, सरळ रस्ता, गाडी नीट गरम झालेली, आणि वेगमर्यादेत बसेल असा गिअर. पाचव्यात मर्यादा ओलांडत असेल तर चौथ्यात करा. सोबत दुसरं कुणीतरी बसू द्या, गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही.

क्लच घट्ट असेल तर एका गिअरमध्ये वेग आणि आरपीएम यांचं प्रमाण बदलूच शकत नाही. समजा हलक्या पायाने चालवताना पाचव्यात दर हजार आरपीएमला ४५ किलोमीटर वेग मिळतो. मग ९० ला काटा २००० वर हवा. पूर्ण पाय दाबल्यावर ९० लाच २४०० दिसले तर ४०० आरपीएम क्लचमध्ये हरवले. ते कुठे गेले? उष्णतेत. त्या क्षणी क्लच ३८० न्यूटन-मीटर ओढत असेल तर ४०० आरपीएमच्या घसरणीत साधारण १६ किलोवॅट उष्णता तयार होते. एक किलोवॅटचे सोळा हीटर त्या बंद डब्यात लावल्यासारखं. "थोडंसंच स्लिप होतं" असं कुणी म्हणालं की मी त्याला हा आकडा सांगतो. ओबीडीवरचा वेग थोडा मागून येतो, त्यामुळे एक-दोन टक्क्यांच्या फरकाने घाबरू नका. खरी घसरण आलेखात पायरीसारखी उठून दिसते. आणि ही चाचणी दोनदा पुरे. दहादा करून खात्री पटवायची ही गोष्ट नाही.

नोंदीत आरपीएम आणि वेग हातात हात घालून चालतायत पण गाडी ओढत नाही, असं दिसलं तर तो क्लच नव्हे. मग टर्बोचा पाइप कुठे फाटलाय का, गाडी सुरक्षा-मोडमध्ये गेलीय का, ते बघा. निघताना गाडी थरथरते, किंवा बंद करताना खालून खडखड येते, तर तेही घसरणं नाही. तो बहुतेक ड्युअल मास फ्लायव्हीलचा (दोन चकत्या आणि मध्ये झटके गिळणाऱ्या स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील) किंवा इंजिन माउंटिंगचा विषय.

घसरणं पक्कं झालं तरी टॉर्कला दोष देण्याआधी आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे तेल. क्रँकशाफ्टचं मागचं सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, किंवा बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या डब्याच्या) आत बसणारा, पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारा हायड्रॉलिक स्लेव्ह सिलेंडर, यांतलं काहीही गळत असेल तर कितीही भारी क्लच टाका, तो भिजणारच. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचा क्लच आधीच्या गॅरेजमध्ये दोनदा बदलून झाला होता. दोन्ही वेळा खापर रीमॅपवर. खाली उतरवली तर इनपुट शाफ्टचं सील झिरपत होतं आणि चकतीच्या एका बाजूला तेलाचा पंखा उमटला होता. दुसरी गोष्ट क्लच पेडलची. पेडल पूर्ण सोडल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब अडकून राहत असेल, म्हणजे पेडलकडचा मास्टर सिलेंडर नीट परत येत नसेल, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग डायफ्रॅमवर कायम टेकून राहतं आणि दाब चोरतं. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय हेच काम फुकटात करते.

आता माझ्या आवडीचा भाग. रीमॅपवाल्याकडे जा आणि त्याला डायनोचा (टॉर्क आणि शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा, आधीचा आणि नंतरचा. आकडा नको, आलेख. तो नसेल तर निदान त्याने कुठल्या आरपीएमला किती टॉर्क मागितलाय ते विचारा. माझा अंदाज आहे की तुमचे ४०० न्यूटन-मीटर १८०० ते २००० मध्येच भिंतीसारखे उभे राहत असणार. असा मॅप चालवायला भारी वाटतो. पाठीत धक्का बसतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण त्या धक्क्याने गाडी फारशी वेगवान होत नाही. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, की किलोवॅट आले. १९०० ला ४०० न्यूटन-मीटर म्हणजे जेमतेम ८० किलोवॅट. ३६०० ला फक्त ३३० असले तरी ते १२४ किलोवॅट होतात. तुमची कमाल शक्ती वरच्या टोकाला आहे आणि तिथे क्लचवरचा भार कमी आहे. म्हणजे क्लच मरतोय तो अशा जागी, जिथून तुम्हाला शक्ती फारशी मिळतच नाही.

म्हणून मी सांगेन की मॅप सौम्य करून घ्या. सगळा नव्हे, फक्त खालचा भाग. टॉर्कची कमाल ३५० च्या जवळ आणा, ती १६०० ते २३०० अशी हळूहळू चढू द्या आणि मग वरपर्यंत सपाट ठेवा. १९०० ला तुमचे निदान दहा किलोवॅट जातील. वरची शक्ती जवळपास तशीच राहील. क्लचच नाही, फ्लायव्हीलच्या कमानी स्प्रिंगा, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि गिअरबॉक्स या सगळ्यांनाच कमी आरपीएमवरचा तो मोठा टॉर्क सोसत नाही. चांगल्या ट्यूनरला हे काम तास-दीड तासाचं आहे. तो "असं करता येत नाही" म्हणाला तर त्याच्याकडे बहुधा तयार फाइल आहे आणि ती बदलता त्याला येत नाही. तुमच्या गाडीत रीमॅपऐवजी रेल प्रेशरच्या (इंधनाच्या दाबाच्या) सेन्सरला फसवणारा डबा लावलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो डबा ईसीयूला अंधारात ठेवून इंधन वाढवतो, त्यामुळे ईसीयूच्या स्वतःच्या टॉर्क-मर्यादा नीट कामच करत नाहीत. तसं असेल तर तो काढूनच टाका.

मॅप सौम्य केल्यावर क्लच वाचेल का? अवलंबून आहे. घसरण मोजून पाच-सात वेळा झाली असेल, करपल्याचा वास आला नसेल, तर वरची चकाकी काही शे किलोमीटरच्या साध्या, शहाण्या चालवण्याने झडून क्लच पुन्हा धरू लागल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत. वास येऊन गेला असेल, किंवा आता चौथ्यात अर्ध्या पायावरही सुटत असेल, तर मॅप पूर्ववत करूनही उपयोग नाही. अस्तर जळलं, प्रेशर प्लेटवर निळे डाग पडले, डायफ्रॅमची ताकद उतरली की परत येत नाही. तुम्ही वासाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून इथे मला नेमकं सांगता येत नाही.

बदलायचाच झाला, तर मोठा म्हणजे किती मोठा? आधी खरा टॉर्क मोजा, त्यावर वीस-पंचवीस टक्के धरा, आणि तेवढाच घ्या. माझी पहिली पसंती नेहमी त्याच इंजिनाच्या जास्त ताकदीच्या मॉडेलला येणाऱ्या कंपनीच्या क्लचला असते, जर तो तुमच्या फ्लायव्हीलला आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टला बसत असेल. तो मिळाला नाही तर साधंच अस्तर आणि जास्त दाबाची प्रेशर प्लेट. पेडल थोडं जड होईल, आणि पेडल दाबताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जास्त जोर येईल, हे मान्य करून घ्यायचं. सिरॅमिकच्या पाकळ्यांचा क्लच रोजच्या गाडीत घालू नका. धरतो जबरदस्त, पण मधलं काही नसतं. एक तर सुटलेला किंवा एकदम लागलेला. गर्दीत आठवडाभर चालवलीत तर तुम्हीच शिव्या घालाल.

ड्युअल मास फ्लायव्हील त्याच वेळी तपासून घ्या. घसरणीची उष्णता थेट त्याच्यातच जाते आणि आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. दोन चकत्यांमधला मोकळा फिराव आणि डुगडुग कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे का ते मोजायचं, हाताने हलवून "ठीक वाटतंय" म्हणायचं नाही. त्याजागी एकसंध फ्लायव्हील बसवा असा सल्ला तुम्हाला मिळेलच. टिकाऊ आहे, खरं आहे. पण डिझेलचे झटके जे फ्लायव्हील गिळत होतं ते आता गिअरबॉक्स गिळणार, आणि थांबल्यावर गिअरबॉक्स कुरकुरायला लागला की मला फोन करणारे लोक कमी नाहीत.

गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर मागचं सील, आतला स्लेव्ह सिलेंडर आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घाला. ते बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच ताणून वापरायचे असतात. तुमच्याकडे अस्तराच्या झिजेप्रमाणे स्वतःहून जुळवून घेणारी प्रेशर प्लेट असेल तर ती खास हत्याराने दाबूनच बसवावी लागते. सुरुवातीच्या काळात मी एक साध्या पान्याने, बोल्ट आळीपाळीने आवळत बसवली होती. आतली जुळवणीची रिंग फिरून गेली आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी अर्थातच माझीच.

नवा क्लच बसल्यावर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर पूर्ण पाय दाबू नका, रीमॅप तर शक्यतो त्या काळात मूळ फाइलवरच ठेवा. कोऱ्या अस्तराचे उंचवटेच आधी टेकतात, पूर्ण पृष्ठभाग टेकायला वेळ लागतो, आणि तोवर तो त्याच्या क्षमतेपेक्षा बराच कमी धरतो. नवा क्लच दुसऱ्याच दिवशी घसरला म्हणून भांडायला येणारे बहुतेक इथेच फसलेले असतात.

तूर्त एवढं करा: पाचव्यात २५०० च्या खाली पाय पूर्ण दाबायचा बंद करा, ओव्हरटेक करायचा तर चौथ्यात उतरा. ओबीडीची नोंद आणि डायनोचा आलेख मिळाला की दोन्ही इथे टाका. आणि वास आला होता का तेवढं आठवून लिहा.